खिडकीची नवी जाळी आणि समोरच्या नर्सबाई

मला स्वयंपाकातलं काही विचारलंत तर मी नवऱ्याकडे बोट दाखवीन. कपड्यांतलं विचारलंत तर नणंदेचा नंबर देईन. पण जाळीतलं काही विचारायचं असेल तर खुर्ची ओढून घ्या आणि निवांत बसा, कारण जाळी हा माझा विषय आहे!

हे मी उगाच म्हणत नाही. रंगाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत मी काम करते. तिथं दिवसभर रंगाची पूड निरनिराळ्या चाळण्यांमधून चाळायची आणि कुठल्या चाळणीवर किती उरली ते तपासायचं, हे माझं काम. जाळीचं भोक किती बारीक, तार किती जाड, त्यातून काय जाईल आणि काय अडकेल, यावर मी पगार घेते. त्यामुळे आमच्या हॉलच्या खिडकीची डासांची जाळी बदलायची वेळ आली, तेव्हा घरात एक आनंदी व्यक्ती होती आणि ती मी होते.

जुनी जाळी हिरव्या नायलॉनची होती. तिचा एक कोपरा फाटला होता. नवऱ्यानं त्यावर चिकटपट्टी लावली होती. नवऱ्याचा चिकटपट्टीवर जितका विश्वास आहे तितका माणसांवर नाही. पट्टीची कड सुटली की तो तिच्यावर दुसरी पट्टी लावायचा. शेवटी त्या कोपऱ्यात जाळी कमी आणि पट्ट्याच जास्त झाल्या, आणि डास शेजारच्या कोपऱ्यातून येऊ लागले.

"तसलीच हिरवी आणू या की," नवरा म्हणाला.

"तसलीच? मोजमाप न करता?"

"कशाचं मोजमाप?"

"डासांचं."

त्यानं वर्तमानपत्र खाली ठेवलं. "त्यांना कपडे शिवून देणार आहेस का?"

मी लक्ष दिलं नाही. चिकट कागदाच्या पट्ट्या खिडकीत लावून आमच्याकडे कोण कोण येतं ते मी गोळा केलं आणि डबीत घालून प्रयोगशाळेत नेलं. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून प्रत्येकाची रुंदी घेतली. डास सगळे नेहमीचेच होते. पण चिलटं! हिरव्या जाळीच्या भोकातून आमची चिलटं जोडीनं, गप्पा मारत आत येऊ शकत होती. मग मी जाळ्यांचे नमुने मागवले. पंख्यासमोर एकेक नमुना धरून, मागं कागदाची झिरमिळी लटकावून वारा किती येतो ते पाहिलं. नखानं ओरखडून पाहिलं. पाण्यात बुडवून, वाळवून पाहिलं. नवरा जेवायला हाका मारत होता आणि मी हातात भिंग घेऊन जमिनीवर बसले होते. इतकं सुख मला लग्नातही झालं नव्हतं.

शेवटी एक काळी, बारीक विणीची जाळी निवडली. काळी अशासाठी, की काळ्या तारेवरून उजेड परत येत नाही, त्यामुळे आतून बाहेरचं स्वच्छ दिसतं. आणि आतून बाहेरचं स्वच्छ दिसणं आमच्या घरात फार महत्त्वाचं आहे, कारण त्या खिडकीत आई बसतात.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, जिना उंच आणि आईंचे गुडघे जुने. रस्त्यापलीकडच्या इमारतीत, बरोबर समोर, तिसऱ्याच मजल्यावर नर्सबाई राहतात. त्या निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, पण नर्सबाई म्हणूनच सगळे ओळखतात. त्यांचेही गुडघे तसलेच. एके काळी दोघी रोज संध्याकाळी बरोबर फिरायच्या. मग गुडघ्यांनी जिने बंद केले आणि मैत्री खिडकीत येऊन बसली. खाली रहदारी इतकी, की आवाज पोचत नाही. त्यामुळे सगळं खुणांनी चालतं. सकाळी नर्सबाई त्यांच्या गॅलरीत येतात आणि तळहातावर बोट ठेवून विचारतात, गोळी घेतलीस? आई गोळीचं पाकीट वर धरून दाखवतात, एक गोळी काढतात आणि त्यांच्यादेखत गिळतात. रक्तदाबाची ती गोळी आईंना मुलानं सांगून चालत नाही, सुनेनं सांगून चालत नाही. ते खातं नर्सबाईंचं.

"फोनवर का नाही बोलत तुम्ही?" मी एकदा विचारलं होतं.

"समोर तर राहते ती," आई म्हणाल्या. "फोन लांबच्या माणसांना करतात."

तर मी काळ्या जाळीचा तळहाताएवढा नमुना खिडकीला धरला आणि आईंना खुर्चीत बसवलं. "दिसतं का नीट?"

"अगं, समोरच्या कुंडीतली मुंगी दिसतेय," आई म्हणाल्या. "आणि ती बघ आली. बघ, बघ काय करतेय!"

नर्सबाई गॅलरीत उभ्या राहून आईंकडे बघत होत्या. त्यांनी दोन्ही गाल फुगवले, दोन्ही हात अंगापासून लांब धरले आणि डुलत डुलत दोन पावलं टाकली. मग बोट दाखवून जागच्या जागी चालून दाखवलं. अर्थ सरळ होता: लठ्ठ झालीस, घरातल्या घरात चालत जा.

"आगाऊ कुठली," आई म्हणाल्या आणि तोंड फिरवून बसल्या. अर्थात त्याचं कुणी मनावर घेतलं नाही. हे त्यांचं महिन्यातून एकदा तरी व्हायचंच.

दुसऱ्या दिवशी जाळीवाला आला. त्याची खासियत अशी, की आपण काहीही म्हटलं तरी तो पटलं म्हणतो.

"मला कुठंही फट नको," मी म्हटलं.

"फट असूच नये ताई."

"उघडझाप नको. चौकट कायमची बसवा. उघडते तिथं फट राहते."

"बरोबर आहे. उघडायचीच कशाला?"

नवरा म्हणाला, "एखादा कोपरा उघडता ठेवा हो, कधी हात बाहेर काढावा लागला तर."

"साहेबांचंही बरोबर आहे," जाळीवाला म्हणाला आणि माझ्याकडे बघून त्यानं चौकट कायमची ठोकली. काचा आतून सरकत्या, जाळी बाहेरून पक्की. काम झाल्यावर त्यानं दोन पावलं मागं जाऊन पाहिलं. "ताई, आता वारासुद्धा तुम्हाला विचारून आत येईल."

त्या दिवशी घरात एक डास आला नाही. एक चिलट आलं नाही. माझं मन एखाद्या धुतलेल्या काचपात्रासारखं लख्ख झालं होतं.

पुढच्या सकाळी मी डबा भरत होते, तेव्हा हॉलमधून आईंचा आवाज आला. "हिला काय झालं?"

मी जाऊन पाहिलं. नर्सबाई गॅलरीत होत्या. आईंनी गोळीचं पाकीट उंच धरलं होतं. नर्सबाईंनी कपाळावर हात आडवा धरून आमच्याकडे पाहिलं, मान एकदा इकडे, एकदा तिकडे केली, थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि आत निघून गेल्या.

"मी हात केला," आई म्हणाल्या. "दोनदा केला. सरळ माझ्याकडे बघून आत गेली!"

"चष्मा नसेल."

"चष्मा नाकावर होता. मला इथून त्याची काडी दिसली."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी नर्सबाई बाहेर आल्या, आमच्याकडे पाठ करून कुंड्यांना पाणी घातलं आणि गेल्या. आई पाकीट हातात धरून बसून राहिल्या.

"फोन करून विचारा ना," मी म्हटलं.

"मी? लठ्ठ तिनं म्हणायचं, तोंड तिनं फिरवायचं आणि फोन मी करायचा?"

"गोळी घेतलीत का?"

"घेते गं. मी काही लहान आहे का?"

जेवताना त्या बोलत नव्हत्या. संध्याकाळी खुर्ची खिडकीतून उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवली, आणि भिंतीकडे बघत बसल्या. आमच्या भिंतीवर बघण्यासारखं काही नाही. अख्ख्या रस्त्याच्या रुंदीएवढं आईंचं जग होतं, आणि त्याचं दुसरं टोक रुसून बसलं होतं.

पुढच्या दिवशी सुट्टी होती. मी भाजी आणायला खाली उतरले आणि येताना सहज मान वर करून आमच्या नव्या जाळीकडे पाहिलं. कौतुकानं पाहिलं. आणि पिशवी हातात धरून रस्त्याच्या कडेला उभी राहिले.

आमच्या खिडकीच्या जागी एक काळी पाटी होती. काळीभोर. मी नवऱ्याला फोन लावला.

"खिडकीत ये. हात हलव."

"का?"

"हलव."

"हलवतोय."

"जोरात हलव."

"आता उडायचा बाकी आहे," नवरा म्हणाला. "तू खाली उभी आहेस, पिशवीतून कोथिंबीर पडायला आलीय, ती सांभाळ."

त्याला माझी कोथिंबीर दिसत होती आणि मला अख्खा नवरा दिसत नव्हता!

मी जिना दोन दोन पायऱ्या टाकत चढले. कारण उघड होतं. दिवसा बाहेर उजेड, आत त्यामानानं अंधार. उजेडातल्या माणसाला जाळीच तेवढी दिसते, तिच्यामागचं अंधारातलं दिसत नाही. अंधारातल्याला बाहेरचं सगळं दिसतं. हे मी शाळेत शिकले होते. नमुना दोन्ही बाजूंनी तपासावा, हे मी प्रयोगशाळेतल्या नवीन लोकांना दर वर्षी सांगते. आणि घरची जाळी मी पंख्यासमोर, पाण्यात, भिंगाखाली, सगळीकडे तपासली होती. बाहेरून तेवढी पाहिली नव्हती.

"आई, त्या तुम्हाला टाळत नाहीत," मी धापा टाकत म्हटलं. "त्यांना तुम्ही दिसतच नाही! आपल्याला त्या दिसतात, त्यांना आपण नाही."

आईंनी खुर्ची सावकाश वळवली. "म्हणजे तिला ही खिडकी कशी दिसते?"

"काळी. पडदा लावल्यासारखी."

"म्हणजे तिला वाटत असेल, मीच रुसून पडदा लावला?"

"तेच वाटत असणार. मी आत्ता त्यांना फोन..."

"थांब." आईंच्या चेहऱ्यावर मी ओळखत नसलेलं एक हसू आलं. "मी तिला दिसत नाही आणि ती मला सगळी दिसते. असंच ना?"

"हो."

"अजिबात?"

"अजिबात. हे शास्त्र आहे."

"मग एक-दोन दिवस राहू दे. लठ्ठ म्हणते मला. होऊ दे थोडी कासावीस."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण आई पुन्हा खिडकीत येऊन बसल्या होत्या, पुन्हा बोलत होत्या, आणि मला तेवढंच हवं होतं. दिवसभर त्यांनी मला बातम्या दिल्या. बघ, तिसऱ्यांदा बाहेर आली. बघ, शेजारणीला आपली खिडकी दाखवतेय. बघ, नातवाची खेळण्यातली दुर्बीण आणलीय, उलटी धरलीय!

संध्याकाळी नवरा बाहेरून आला, तेव्हा आई रंगात आल्या होत्या. त्यानं दिवे लावले. हॉलमध्ये आमच्याकडे दोन ट्यूबलाइट आहेत, दोन्ही लागल्या. नवऱ्यानं विचारलं, "मग काय म्हणतात नर्सबाई?" आणि आई उठल्या.

त्यांनी पांढरी शाल कंबरेला बांधली. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला. मग गुडघा आखडून, एक पाय ओढत, छाती पुढं काढून त्या हॉलभर चालल्या. आमच्या आई, ज्यांना पाण्याचा तांब्या हातात द्यावा लागतो! त्यांनी मुलाचं मनगट पकडलं, घड्याळ नसलेल्या हाताकडे बघत नाडी मोजली. "जीभ दाखवा. अजून. अजून. बास, आत घ्या, वास येतो." मग मुठींची दुर्बीण उलटी धरून खिडकीकडे पाहिलं. मी हसून हसून सोफ्यावर आडवी झाले.

"आई, हळू," नवरा डोळे पुसत म्हणाला. "त्यांना दिसेल."

"दिसत नाही," आई म्हणाल्या. "हिला विचार. शास्त्र आहे."

मी मान हलवली. हसता हसता, दिमाखात हलवली. खिडकीबाहेर काळोख होता, जाळीतून काहीच दिसत नव्हतं. जे आपल्याला दिसत नाही ते नाहीच, असं त्या क्षणी विज्ञानाची पदवी घेतलेल्या बाईला वाटलं.

दुसऱ्या संध्याकाळी आईंनी दिवे लागायची वाटच पाहिली. या वेळी त्यांनी तयारी केली होती. पावडरच्या डब्याचं इंजेक्शन केलं. नवरा पेशंट, मी पेशंटची बायको. "बायको बाहेर थांबेल," आईंनी हुकूम सोडला. "रडायचं असेल तर रांगेत." मग त्या शाल सावरत, गुडघा ओढत, इंजेक्शन उंच धरून नवऱ्याच्या मागं लागल्या. नवरा टेबलाभोवती पळत होता. दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीत आईंनी त्याला खिडकीपाशी गाठलं, इंजेक्शन वर उचललं आणि...

वीज गेली.

आमच्या बाजूची गेली. समोरच्या बाजूची होती. आता अंधार आमच्याकडे आणि उजेड त्यांच्याकडे. माझी उत्तम, स्वच्छ, काळी जाळी आपलं काम करू लागली आणि समोरची इमारत तिच्यातून लख्ख दिसली.

तिसऱ्या मजल्याची गॅलरी भरलेली होती. खुर्च्या मांडून भरलेली होती! वरच्या मजल्यावर लोक कठड्याला रेलले होते. दुसऱ्या मजल्यावरचे मान वर करून बसले होते. एक गृहस्थ आमच्या दिशेनं हात फिरवून विचारत होते, काय झालं? मग सगळ्यांनी मिळून टाळ्या वाजवल्या. रहदारीतून आवाज आला नाही, पण टाळ्या दिसल्या. आणि मधोमध, कंबरेवर हात ठेवून, नर्सबाई उभ्या होत्या. त्या टाळ्या वाजवत नव्हत्या.

"अगं बाई," आई हळूच म्हणाल्या. पावडरचा डबा त्यांच्या हातातून खाली पडला.

"रात्री उलटं होतं," मी म्हटलं. "आत उजेड असला की..."

"हे तू आत्ता सांगतेस?"

समोर नर्सबाई आत गेल्या. त्यांच्या खोलीतला दिवा मालवला. आई खुर्चीत बसल्या. अंधारात त्यांचा चेहरा दिसत नव्हता, पण आवाजावरून कळत होता. "संपलं. आता ती माझं तोंड पाहणार नाही. एवढ्या वर्षांची एकच तर होती."

"मी जाते त्यांच्याकडे," मी म्हटलं. "चूक माझी आहे. समजावून सांगते."

"काय सांगशील? तुमची नक्कल चालली होती, पण तुम्हाला दिसणार नाही असं शास्त्र होतं?"

नवरा मेणबत्ती शोधत होता, म्हणजे खुर्च्यांना धडकत होता. तेवढ्यात जिन्यात आवाज आला. एक पाऊल. मग थांबणं. मग घासत दुसरं पाऊल. मग बराच वेळ थांबणं. आईंनी माझा हात घट्ट धरला. ती चाल आम्ही तिघंही ओळखत होतो. दोन संध्याकाळी पाठ केली होती.

दारावर थाप पडली. मी दार उघडलं. हातात टॉर्च घेऊन नर्सबाई उभ्या होत्या, घामाघूम. तीन मजले उतरून आणि तीन मजले चढून आल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. टॉर्चचा झोत हॉलभर फिरवला, कंबरेला शाल बांधलेल्या आईंवर थांबवला आणि ओढत्या पायानं त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"हात," त्या म्हणाल्या.

आईंनी हात दिला. नर्सबाईंनी मनगट धरून नाडी मोजली. "जीभ."

आईंनी जीभ दाखवली. नवऱ्यानं तोंडावर हात दाबून धरला.

"गोळी घेतलीस?"

"नाही."

"काल?"

आईंनी शालीची गाठ सोडायला घेतली.

"जाळी लागल्यापासून एकही नाही ना? का?"

"दाखवणार कुणाला?" आई म्हणाल्या.

नर्सबाईंनी टॉर्च खाली केला. मग धपकन शेजारच्या खुर्चीत बसल्या. "पहिले दोन-तीन दिवस मला वाटलं, रुसलीस. मग वाटलं, आजारी पडलीस आणि हे लोक मला सांगत नाहीत. आज सकाळी येणारच होते. तर काल संध्याकाळी, एरवी मी तेव्हा आतच असते, सहज बघते तो तू हॉलभर उड्या मारतेयस. म्हटलं, चला, आहे."

"चिडली नाहीस?"

"चिडले की. माझा दुखतो तो उजवा गुडघा. तू दोन दिवस डावा ओढतेयस. सगळ्या इमारतीला चुकीचा पाय दाखवलास. ऊठ, नीट करून दाखव."

"आधी गोळी देते," मी म्हटलं.

"तू थांब," नर्सबाई प्रथमच माझ्याकडे वळल्या. "ही जाळी कुणी निवडली?"

"मी, काकू."

"कात्री आण."

"काकू, तिची वीण... ती एकदा कापली की..."

"कात्री."

मी कात्री आणली. टॉर्च मी धरला, कारण नवऱ्याचा हात हसण्यानं हलत होता. नर्सबाईंनी आईंना खुर्चीत ताठ बसवलं, त्यांच्या चेहऱ्याची उंची बघून जाळीवर बोटानं चौकोन आखला आणि थंड डोक्यानं, सरळ रेषेत, माझ्या जाळीची शस्त्रक्रिया केली. कापलेला तुकडा माझ्या हातात ठेवला. "टाके घालायला कुणी आहे?"

"मी!" नवरा म्हणाला, आणि चिकटपट्टी घेऊन आला. त्या चौकोनाच्या चारी कडांना त्यानं इतक्या प्रेमानं पट्ट्या लावल्या, की मला बघवेना.

आता रोज सकाळी त्या चौकोनातून आईंचा चेहरा फोटोसारखा दिसतो. त्या पाकीट वर धरतात, गोळी गिळतात, तोंड उघडून दाखवतात. नर्सबाई मान डोलावतात. दिवे लागले की समोरच्या गॅलऱ्यांत माणसं अजून डोकावतात आणि निराश होऊन आत जातात.

परवा जाळीवाला रस्त्यात भेटला. "ताई, कशी आहे जाळी?"

मी खरं तेच सांगितलं. जाळी अप्रतिम आहे. त्या चौकोनातून आत आलेला एकही डास तिच्यातून बाहेर जाऊ शकत नाही.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "जाऊच नये."